मोठीची रवण: नऊ अंडी, चार पिल्लं

१८ जानेवारी २०२५, शनिवार

आमच्या थोरल्या हंस मादीनं, मोठीनं, आज यंदाचं पहिलं अंडं घातलं. गोठ्याच्या कोपऱ्यात, उघड्या कोब्यावर, खाली काडीसुद्धा नाही. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन केलं, १३८ ग्रॅम.

आमचं घर कोल्हापुरात, फुलेवाडीच्या पुढे, गगनबावडा रस्त्याला. परड्यात एक नर आणि दोन माद्या आहेत, मोठी आणि धाकटी. चोचीच्या मुळाशी गाठ असलेली चिनी जात. बाजारात यांना राजहंस म्हणून विकतात, आम्ही नुसतं हंस म्हणतो. गेल्या वर्षी सगळी अंडी घुशींनी फोडली, एकही पिल्लू हाताला लागलं नाही. कोंबडीची रवण घालणारी, म्हणजे तिला अंड्यांवर उबवायला बसवणारी माणसं गल्लोगल्ली आहेत, पण हंसाची घातलेलं माणूस मला शोधून सापडलं नाही. म्हणून जमलं ते आणि बिघडलं तेही तारखेनिशी लिहून ठेवतेय.

२४ जानेवारी

चार अंडी झाली. एकाआड एक दिवस घालते, पहाटे. प्रत्येक वेळी जागेवर एक अंडं ठेवून बाकीची उचलते, नाहीतर ती जागा बदलते. उचललेली अंडी मधल्या खोलीत, जिथं ऊन येत नाही, गव्हाच्या कोंड्यात आडवी ठेवलीत. रोज सकाळ-संध्याकाळ कुशीवर फिरवते.

आज एक चूक केली. २, ३ आणि ४ नंबरच्या अंड्यांना शेण लागलं होतं, ती नळाखाली धुतली. आत्यांनी (माझ्या सासूबाईंनी) बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, रवणीचं अंडं कुणी धुतंय काय? कोरड्या फडक्यानं पुसायचं." सासूबाईंचा कोंबड्यांचा अनुभव चाळीस वर्षांचा. अंड्याच्या कवचावर साय धरल्यागत एक पातळ थर असतो, तो बारीक छिद्रं बुजवून ठेवतो. धुतलं की तो जातो आणि घाण आत शिरायला वाट मिळते. तिन्ही अंड्यांवर पेन्सिलीनं "धु" लिहून ठेवलंय.

२९ जानेवारी

घरट्याची जागा केली. आधी उसाचं पाचट टाकलं होतं, फुकट आणि भरपूर मिळतं म्हणून. पण पाचटाच्या कडा धारदार, वर ते दबतही नाही. मोठी त्यात बसून लगेच उठायची. ते काढलं. भंगारवाल्याकडून ट्रकचा जुना टायर १५० रुपयांना आणला, आत ओलसर माती थापून मधे खोलगट केली आणि वर भाताचं पिंजर अंथरलं. खोलगट हवंच. सपाट जागेवर अंडी बाहेर घरंगळतात, मग कडेची गार पडतात.

घुशींसाठी कोपऱ्याला वेल्डमेश जाळी मारली, एक वीत जमिनीत गाडून. १,२४० रुपये. हाच सगळ्यात मोठा खर्च, आणि गेल्या वर्षीच करायला हवा होता.

७ फेब्रुवारी

परवा नववं अंडं झालं. काल दिवसभर मोठी स्वतःच्या छातीची लव उपटून घरट्यात घालत होती. आज संध्याकाळी अंगावर धावून आली आणि तशीच बसून राहिली. खुडूक झाली, म्हणजे उबवायला बसली, हे नक्की. साठवलेली अंडी अंधार पडल्यावर तिच्याखाली सरकवली. आजचा दिवस शून्य धरला. हंसाला सरासरी तीस दिवस लागतात, दोन दिवस इकडे-तिकडे.

पहिलं अंडं आज वीस दिवसांचं झालंय. सात ते दहा दिवसांपुढे साठवलेल्या अंड्यांतून पिल्लं निघण्याचं प्रमाण उतरत जातं. मला हे माहीत होतं तरी नऊच्या नऊ घातली, कारण टाकवत नव्हती.

१० फेब्रुवारी

खाणं ठेवण्यात चुकले. गव्हाची थाळी घरट्याला लागून ठेवली होती, तिला उठावं लागू नये म्हणून. दोनच रात्रींत जाळीबाहेर घुशीनं बीळ उकरलं. थाळी आता सात-आठ पावलं लांब ठेवते आणि ती खाऊन परत बसली की उचलते. तिनं उठणं गरजेचंच आहे. दिवसभर पोटात दाबून धरलेली शीट ती घरट्याबाहेर टाकते. ढीग मोठा असतो आणि वास डोक्यात जातो, पण तो आजार नाही. पहिल्या दिवशी मी घाबरले होते.

आज जवळून बघितलं ते लिहिते. सकाळी नऊला मोठी उठली. लगेच बाहेर पडली नाही. मान लांब करून कडेचं पिंजर एकेक काडी ओढलं आणि अंड्यांवर टाकलं, मग लव ओढली. शेवटी एका अंड्याचा पांढरा टोकाकडचा भाग दिसत होता, तिथं परत वळून एक काडी ठेवली. मग घमेल्यातल्या पाण्यात उतरली, डोकं बुडवून पाठीवर पाणी घेतलं, चार दाणे खाल्ले, थोडं गवत ओरबाडलं. सगळं मिळून सतरा मिनिटं. परत आली ती पोटाखाली ओली. हाच ओलावा अंड्यांना लागतो. वरून पाणी शिंपडायचं मी ठरवलं होतं, ते रद्द केलं. त्याऐवजी घमेलं काढून तिला पूर्ण बसता येईल असं पसरट टब ठेवलंय.

१६ फेब्रुवारी, दिवस ९

अंडी टॉर्चवर बघितली. पुठ्ठ्याला रुपयाएवढं भोक पाडलं, खालून मोबाईलचा टॉर्च, वर अंडं. मोठी संध्याकाळी पाण्याला गेली तेवढ्यात उरकायचं होतं. नराला आवरायला हे हातात सूप घेऊन दारात उभे राहिले. नर घरट्याकडे कुणालाच येऊ देत नाही. पंखाच्या सांध्यानं मारतो, दूधवाल्याच्या नडगीवर काळंनिळं झालंय. दार लावून घ्या, मुलांना लांब ठेवा, आणि त्याला मारू नका. राखण तोच करतोय.

घरट्यात अकरा अंडी निघाली! नऊवर माझे आकडे, दोन कोरी. मोठी उठली की धाकटी तिथं येऊन अंडं घालत होती. आकडे नसते तर कळलंच नसतं आणि ही दोन अंडी नऊ दिवस मागं राहिली असती. पहिली पिल्लं निघाली की आई त्यांच्यामागं जाते, उशिराची अंडी तशीच मरतात. दोन्ही काढली. धाकटीला आजपासून शेजारच्या खणात वेगळं केलंय.

नऊपैकी सातांत लाल शिरांचं जाळं आणि मधे हलणारा ठिपका दिसला. १ आणि २ नंबर आरपार पिवळसर, आत काहीच धरलेलं नाही. पेन्सिलीनंच लिहा, मार्करची शाई आत जाऊ शकते.

१९ फेब्रुवारी

शिवजयंती. दुपारपासून फटाके, रात्री साउंड सिस्टीम. मोठी एकदा दचकून उठली आणि चाळीस मिनिटं परत बसली नाही, नराजवळ मान उंच करून उभी. माझा जीव टांगणीला. शेवटी दाराला दोन पोती लावली, दिवा मालवला आणि सगळ्यांना घरात घेतलं. अंधार झाल्यावर आपण होऊन बसली. अंडी हाताला गार लागत होती, पण एवढा गारवा हंसाची अंडी सोसतात. मी उचलून आत नेली असती, आत्यांनी हात धरला.

२७ फेब्रुवारी, दिवस २०

उन्हं वाढली. दुपारी पत्र्याखाली थर्मामीटर ३८ दाखवत होता आणि मोठी चोच उघडी टाकून धापा टाकत होती. घरट्याला नको झालेलं पाचट पत्र्यावर वीतभर पसरलं, वर दगड ठेवले. खर्च शून्य. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी ३४. ज्यांचा गोठा पत्र्याचा आहे त्यांनी हे बसण्याआधीच करावं.

१ मार्च, दिवस २२

घरट्याला वास. ३ नंबरच्या अंड्यावर तपकिरी घाम आल्यागत थेंब होते. हे धुतलेल्या तिनांतलं. प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून अलगद उचललं, श्वास धरून बांधाच्या टोकाला पुरलं. असं अंडं घरट्यात फुटलं तर बाकीच्यांवर सगळी घाण बसते. उरली सहा.

८ मार्च, दिवस २९

संध्याकाळी कान लावला तर अंड्यांतून आवाज! बारीक, दबका. मोठी मान खाली घालून उत्तर देतेय, गळ्यातल्या गळ्यात, "क्वं क्वं". महिनाभरात तिचा असा आवाज मी ऐकला नव्हता. आत्यांना बोलावून आणलं. त्या काही न बोलता दारातच बसून राहिल्या.

पिंजर बदलायचं नाही, अंडी हलवायची नाहीत, नुसती राखण.

१० मार्च, दिवस ३१

काल दुपारी चार अंड्यांना चांदणीसारखी भेग पडली. आज सकाळी तीन पिल्लं बाहेर, ओली, मान धरवत नव्हती. दुपारपर्यंत सुकून पिवळी-करडी लव फुलली. रात्री आठपर्यंत चौथं. ६ आणि ९ नंबर राहिले. ६ ला सकाळी भोक पडलंय, चोच दिसतेय, पण पुढं सरकत नाही.

११ मार्च

रात्री अकराला ६ नंबरला मी मदत केली. बोटानं कवच थोडं थोडं काढलं. आतल्या पडद्यावर शिरा लाल होत्या, त्यातली एक फुटली आणि रक्त आलं. तिथंच थांबले, पण उशीर झाला होता. पिल्लाच्या बेंबीशी पिवळा बलक अजून बाहेर होता, पोटात ओढला गेला नव्हता. पहाटे चारला गेलं.

पहिलं भोक पडल्यापासून पिल्लू बाहेर यायला एक ते दोन दिवस लागतात. तेवढ्या वेळात पडद्यातलं रक्त आणि बलक शरीरात जातात. बाहेरून काहीच होत नाही असं दिसतं तेव्हा आत हेच चाललेलं असतं. त्याला भोक पाडून पंधरा तासच झाले होते. पुस्तकात वाचलेलं होतं, तरी हात शिवशिवले.

९ नंबरला मी हात लावला नाही. भेग पडल्यापासून छत्तीस तासांनी, आज दुपारी एकला, ते आपलं आपण बाहेर आलं.

पाच पिल्लं जिवंत.

१२ मार्च

शेवटचं पिल्लू अशक्त म्हणून काल रात्री खोक्यात घेतलं, वर साठचा बल्ब, खाली वर्तमानपत्र. सकाळी बघते तर दोन्ही पाय दोन बाजूंना फाकलेले, उभंच राहीना. कागदावर पाय घसरतो आणि एका रात्रीत मांड्या बाहेर वळतात. पशुवैद्य डॉक्टरांकडे नेलं, ३०० रुपये. त्यांनी मऊ पट्टीनं दोन्ही पाय एकमेकांना बांधून दिले, मधे दोन बोटं अंतर ठेवून. खाली पोतं अंथरायला सांगितलं. पट्टी रोज सोडून बघायची, जागा लाल झाली का.

दुकानातून आणलेल्या खाद्याचं पोतंही दाखवलं. ब्रॉयलरच्या पिल्लांचं, रक्ती हगवणीवरचं औषध मिसळलेलं. मी हंसाच्या पिल्लांसाठी मागितलं होतं, दुकानदारानं हेच चालतं म्हणून दिलं. डॉक्टर म्हणाले, असली काही औषधं बदक-हंसाला बाधतात, नकोच. २४० रुपयांचं पोतं शेजारच्या काकींना कोंबड्यांसाठी दिलं. औषधाशिवायचं चिक स्टार्टर ५ किलो २६० ला शोधून आणलं. पोत्यावरची बारीक अक्षरं दुकानातच वाचा. हंसाच्या पिल्लांना नियासिन हे जीवनसत्त्व कोंबडीच्या पिल्लांपेक्षा जास्त लागतं, कमी पडलं तर पाय वाकतात. त्यासाठी पाण्यातून द्यायला बी-कॉम्प्लेक्स दिलं, ९५ रुपये.

पहिल्या दिवशी पिल्लांनी काही खाल्लं नाही तर घाबरू नका. पोटातला बलक त्यांना पुरतो.

१३ मार्च, होळी

मोठीनं पिल्लांना बाहेर काढलं आणि मला गोठ्याचा जोता आठवला. २०१९ च्या पुरात गोठ्यात पाणी शिरलं होतं, त्यानंतर जोता दोन फूट उचललाय. पिल्लांनी खाली उड्या मारल्या, कुणाला लागलं नाही. पण वर येता येईना. मोठी वर उभी राहून हाका मारतेय, चार पिल्लं खाली भिंतीला टकरा देताहेत, नर दोघांच्या मधे सैरावैरा. होळीच्या नैवेद्याची पुरणपोळी तव्यावर सोडून मी धावले. जुनी फळी तिरकी लावली, तीही घसरडी. शेवटी फळीवर पोतं ताणून खिळ्यांनी ठोकलं. तीन फेऱ्यांत शिकली.

१४ मार्च, धुळवड

एक पिल्लू गेलं.

पाण्यासाठी मोठीचं टबच होतं. कडा सरळ, वीतभर उंच. दगड ठेवून आत चढायची सोय कुणी केली? मीच, मोठीला सोपं जावं म्हणून. पिल्लू त्या दगडावरून आत गेलं, बाहेर यायला काही नव्हतं. घरात पाहुणे होते. तासाभरानं बघितलं. बाकीची तिघं टबाच्या कडेला चोच लावून ओरडत होती.

हंसाचं पिल्लू पोहतं, पण त्याची लव पाणी धरते. आईखाली बसून तिचं तेल लवेला लागलेलं असतं तेव्हाच थोडा वेळ टिकते. गार पाण्यात ते बुडण्याआधी थंडीनं गळून जातं. टब उचललं. आता जेवणाची पसरट थाळी, त्यात नदीचे गोटे काठोकाठ, मधल्या फटींत पाणी. चोचीवरच्या नाकपुड्या बुडतील एवढं खोल हवं, नाहीतर नाकात खाद्य सुकून बसतं. मोठीचं पाणी मोठी एकटी असतानाच देते.

आत्यांनी त्याला परड्यातल्या पेरूखाली पुरलं.

१६ मार्च

पाय बांधलेल्या पिल्लाची पट्टी सोडली. दोन पावलं टाकून बसलं, परत उठलं. दुपारपर्यंत चालायला लागलं! चार दिवस खोक्यात होतं त्यामुळे मी उठले की माझ्यामागं ओरडतं. याच गोष्टीवर प्राण्यांच्या वागण्याचे अभ्यासक कोनराड लोरेंट्झ यांनी हंसांच्या पिल्लांवर काम केलं आणि त्यांना १९७३ चं नोबेल विभागून मिळालं. पिल्लू पहिल्यांदा ज्याला बघतं त्याच्यामागं जातं. मला ते माझ्यामागं नको होतं. रात्री दहाला, दिवा न लावता, मोठीच्या पंखाखाली सरकवलं. तिनं चोचीनं मान चाचपली आणि आत घेतलं. सकाळी चारही तिच्यामागं.

३० मार्च, पाडवा

आतापर्यंतचा खर्च २,३४५ रुपये, त्यात बल्बचे ६० आणि वाया गेलेल्या खाद्याचे २४०. वेळ रोजचा पाऊण तास. पिल्लं लसूणघास खातात, पण अर्धा इंच कापून द्यावा लागतो. लांब पाती गळ्यात गुंता होऊन अडकतात. सोबत चिमूटभर जाड वाळू. शेजारच्या उसाच्या बांधावरचं गवत हिरवंगार आहे, पण तिथं तणनाशक मारलंय. तिकडं जाऊ नये म्हणून साडीचं जुनं कापड बांधून कुंपण केलंय. तुमच्याकडेही आधी विचारून घ्या, बांध कुणाचा आणि फवारणी कधी झाली.

मुंगूस दोनदा दिसलं. नर पंख पसरून त्याच्यावर धावून गेला, तेव्हापासून आलं नाही. घार वरून फिरते तेव्हा मोठी एक डोळा वर करते आणि पिल्लं जागच्या जागी बसतात.

२ एप्रिल

संध्याकाळी वळीव आला, गारांसकट. पिल्लं तेवीस दिवसांची, आईच्या पंखाखाली आता मावत नाहीत. तिनं दोन्ही पंख पसरले, तरी चौघांची पाठ बाहेरच. ओल्या लवेनं थरथरत होती. टॉवेलनं पुसून चुलीजवळ बुट्टीत घेतली, तासाभरात सुकली. वळवाचे दिवस आहेत, ढग दिसले की आत घ्यायची. पंखांना पिसं येईपर्यंत पिल्लं वाढली असं समजू नये.

१३ एप्रिल

काल जोतिबाची यात्रा झाली, पाहुणे दोन दिवस होते. सगळ्यांनी हौसेनं पिल्लांना चपाती, पाव घातला. स्टार्टरही मी अजून भरपूर देत होते. आज एकाच्या डाव्या पंखाचं टोक बाहेर वळून लोंबतंय. हे दोन दिवसांत होत नाही, गेले दोन आठवडे मीच जास्त पौष्टिक दिलं. पिसांचं वजन वाढतं, सांधा तेवढा तयार नसतो. पंख नीट घडी करून मऊ पट्टीनं अंगाशी बांधला, दुसरा मोकळा. स्टार्टर बंद. आता भरड गहू मूठभर आणि बाकी गवत. दारावर पाटी लावली: "पिल्लांना काही घालू नये."

१८ एप्रिल

पट्टी सोडली, पंख जागेवर राहिला. वेळेत दिसलं म्हणून.

२७ एप्रिल

आज चौघं पहिल्यांदा हौदात उतरली. आधी मोठी, मग एकेक. पाय बांधलेलं होतं ते सगळ्यात शेवटी, कडेवर बराच वेळ उभं राहून. हौदात फळी तिरकी सोडलीय, पोतं ठोकलेली. पाण्याचे थेंब पाठीवरून गोळ्या होऊन घरंगळत होते, आत मुरत नव्हते. पंधरा मिनिटांनी फळीवरून चारही बाहेर आली आणि उन्हात पंख झाडत बसली.

धाकटी कालपासून उठत नाही. टायर धुऊन, वाळवून, नवीन पिंजर घातलंय. सहा अंडी, कुठलंही आठ दिवसांपेक्षा जुनं नाही, फडक्यानं पुसलेली, पेन्सिलीनं आकडे टाकलेली. तीस दिवस २६ मेला भरतात.